चेसीचा तुकडा

बाळाजी गायकर कुठलीही वस्तू आधी ठोकून बघायचा. कलिंगड घ्यायला गेला तर विकणारा कातावेपर्यंत ठोकत बसायचा. नवा माठ, दाराची फळी, भिंतीचा गिलावा, सगळ्यांना त्याच्या बोटाची टिचकी बसायची. त्याच्या लग्नात मांडवातल्या एका चावट म्हातारीनं त्याला बजावलं होतं, बाबा, नवरीला तेवढं ठोकून बघू नकोस.

ही खोड त्याला लावली टेकचंद उस्तादानं. टेकचंद सिंधी, कामाला पक्का, जिभेला तिखट. उल्हासनगरला कॅम्प पाच या वस्तीत त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि बाळाजी तिथंच शिकून मोठा झाला. कुणी पोरगा गाडी न बघताच शहाणपण सांगायला लागला, की टेकचंद त्याच्या डोक्यात टपली मारायचा आणि म्हणायचा, "पहले ठोक के देख, बाद में मुँह खोल." पुढं म्हातारा थकला, दुकान बाळाजीच्या हाती आलं, आणि हे वाक्यही आलं. बाळाजीनं त्याचे दोन्ही भाग पाळले. ठोकून बघायचा नीट, आणि मग तोंड उघडायचा ते असं, की समोरच्यानं खालीच बसावं.

एखादा टेंपोवाला नवा रंग मारलेली, आरशाला गोंडे बांधलेली गाडी कौतुकानं घेऊन यायचा. बाळाजी गाडीखाली सरपटत जायचा, हातोडीनं चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, वाजवायचा, बाहेर येऊन हात पुसायचा आणि सांगायचा, "ही गेली. कापायला लागंल." ना प्रस्तावना, ना दिलासा. शेजारच्या दौलतरावाचा धंदा यावरच चालला होता असं म्हटलं तरी चालेल. दौलतराव गंजक्या लोखंडावर नवी पट्टी चिकटवायचा, वरून काळा रंग फासायचा आणि चहा पाजून गिऱ्हाईक खूश करायचा. "जिभेला जरा ग्रीस लाव रे," असं तोच बाळाजीला म्हणायचा. बाळाजी म्हणायचा, ग्रीस लावून चेसी जोडत नाही.

असा हा फटकळ माणूस. त्याला आयुष्यात एकदा सांगायचं ते सांगता आलं नाही, आणि तेही सख्ख्या भावाला. त्याची ही गोष्ट.

भावाचं नाव कोंडाजी. बाळाजीपेक्षा बराच मोठा. बाप लवकर गेला आणि धाकट्याला कोंडाजीनंच खांद्यावर वाढवलं. अंबरनाथला शिवमंदिराच्या पलीकडं, ओढ्याच्या काठी त्यांचं घर. बाळाजीला टेकचंदकडं नेऊन घातलं कोंडाजीनं. सुरुवातीला पोर काळी काच न धरता वेल्डिंगकडं बघायचं आणि घरी यायचं ते टोमॅटोसारखे डोळे घेऊन. मग कोंडाजीची बायको बनूवहिनी बटाट्याच्या चकत्या कापून त्याच्या डोळ्यांवर ठेवायची आणि कोंडाजी शेजारी बसून सुपानं वारा घालायचा. एवढा मोठा बाप्या, पण पोराचे डोळे गेले तर काय करू म्हणून रडायचा. बाळाजी हे विसरणारा नव्हता.

वडिलार्जित शेत कारखान्यांच्या आवारात गेलं आणि कोंडाजीनं त्र्याऐंशीच्या सुमाराला लिलावातली एक जुनी जीप घेतली. मागं बाकडी टाकली, पत्र्याची बॉडी बसवली, मागं दार लावलं. स्टेशनपासून देवळापर्यंत, कधी बदलापूरच्या अंगाच्या गावांना, अशी माणसं न्यायला लागला. कुणी अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस असो, कोंडाजीची जीप निघायची. महाशिवरात्रीच्या जत्रेला तर तो वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट देवदर्शन घडवायचा. ते त्याचं व्रतच होतं म्हणा.

आणि दुसरं व्रत गाडी धुण्याचं. रोज सकाळी जीप ओढ्यात घालायची, डाव्या अंगानं उतारावर कलती उभी करायची, लुंगी खोचून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि तासभर चोळायची. अंगणात हापशी होती, पण तिचा दांडा दोन हातांनी खेचावा तेव्हा कुठं हंडा भरायचा. ते पाणी पिण्याचं. गाडीवर कोण घालणार? शिवाय ओढ्याच्या पाण्याला आता आपोआप फेस यायचा. वरच्या अंगाला कारखाने झाले तसा यायला लागला होता. कोंडाजीला त्याचं कोण कौतुक. "बघ बाळ्या," म्हणायचा, "साबन बी लागत नाय. देवानं साबनाचंच पानी सोडलंय." आपण आता कपाळावर हात मारतो. पण ज्याच्या बापानं, आज्यानं त्याच ओढ्यात बैल धुतले, त्याला पाणी वैरी होईल हे सुचावं कसं? लहानपणी दोघा भावांनी तिथं खेकडे धरले होते. खेकडे कधी दिसेनासे झाले, हे कुणी लक्षातही ठेवलं नाही.

कोंडाजीच्या पायांना भेगा पडल्या, बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडायला लागलं. बनूबाई खोबरेल चोळायची. पावसाळ्यातल्या चिखल्या म्हणून सोडून दिलं, त्या उन्हाळ्यातही राहिल्या.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यानंतर कोंडाजी आजारी पडला. आधी सूज, मग भूक गेली, मग उठणंच सुटलं. डॉक्टर मूत्रपिंडं म्हणाले, खाण्यापिण्याची पथ्यं सांगितली, कशानं झालं ते काही सांगितलं नाही. जीप त्याचा लेक रघु चालवायला लागला. रघु लग्न झालेला, समजूतदार, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा. कोंडाजी खाटेवरून रोज एकच विचारायचा, "धुतली का रं?" आणि रघु म्हणायचा, "धुतली, बाबा."

पौषात जीपचं मागचं दार लागेनासं झालं. गाडी रिकामी असली की लागायचं, माणसं बसली की कडी आणि खोबण एकमेकांना चुकवायची. रघुनं दोरीनं बांधून चार दिवस काढले. कोंडाजीला कळलं तसं त्यानं रघुला फर्मावलं, बाळ्याकडं घेऊन जा. शिवरात्रीच्या आत उभी करायला सांग. या वर्षी मी पुढच्या शिटावर बसून देवाला जानार.

हे ऐकून बनूबाई दाराआड जाऊन रडली. या वर्षीचं कुणी धरून चाललं नव्हतं, आणि पुढच्या वर्षीचं तर बोलायलाच नको.

जीप कॅम्प पाचला आली. बाळाजी खाली शिरला आणि पुढून ठोकत निघाला. उजवी बाजू ठणठणत होती. डावी बाजू पुढच्या चाकापाशी ठणठणली, मधे जरा मंदावली, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या अलीकडं आवाजच आला नाही. हातोडी आत गेली. हाताएवढ्या लांबीत चेसी खारी बिस्किटासारखी पदर सुटून आली होती. वरचा रंग मात्र शाबूत, कारण तो दरसाल नेमानं दिलेला.

बाळाजीनं भोकातून बोट आत घातलं. पोकळीत तळाशी पांढरट हिरवा थर बसला होता, घट्ट, कढईच्या बुडाला लागलेल्या खरवडीसारखा. त्यानं तो नखानं खरवडून नाकाशी नेला. ओढ्याचा वास. तोच उग्र, घशाला लागणारा. डाव्या अंगावर कलती उभी राहायची गाडी, पाणी तिथंच साठायचं, बाहेर पडायला वाट नव्हती. बोटाला चुणचुण सुटली तसं ते त्यानं लुंगीला पुसलं आणि तसाच पडून राहिला.

बाहेरून रघुनं विचारलं, "काका, काय झालं?"

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर बाळाजीनं तिथूनच ओरडून सांगितलं असतं, धुऊन धुऊन मारलीस. आता तो बाहेर आला आणि म्हणाला, "कापायला लागंल." बाकीचं पोटातच ठेवलं.

संध्याकाळी तो भावाला भेटायला गेला. कोंडाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा सुजला होता, हातांच्या काड्या झालेल्या.

"काय निघालं?"

"चेसीचा डावा दांडा मागं गंजलाय. तेवढा तुकडा कापून नवा घालतो."

"कशानं खाल्ला रं?"

बाळाजीनं भावाकडं बघितलं. चादरीखालून पाय बाहेर आले होते, खोबरेलानं चकाकत होते. "वय झालं, दादा," तो म्हणाला. "लोखंड हाय, कवा तरी खायाचंच."

कोंडाजीला समाधान वाटलं. "रोजची धुतलेली म्हनून येवढी तरी टिकली," तो म्हणाला. "लोकांच्या गाड्या बघ, चिखल घेऊन फिरतात. रघु, नवा तुकडा पडला म्हनून कंटाळा करू नको. रोज धुवायची."

"व्हय, बाबा," रघु म्हणाला.

बाळाजी उठून बाहेर आला आणि हापशीच्या ओट्यावर डोकं धरून बसला. बनूवहिनी पाण्याला आली होती. तिला त्यानं तिथंच सगळं सांगितलं. तिनं हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "भावोजी, त्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी जिवापाड केल्या. तुमाला वाढवलं आनि ही गाडी धुतली. आता मरताना त्यातली एक चुकली म्हनून सांगनार तुमी?"

"नाय सांगितलं तर नवा तुकडा बी जाईल. आनि रघु रोज त्याच पान्यात उभा राहील, वैनी."

तिनं हंडा उचलला आणि आत गेली. रघुला बाजूला घेऊन बाळाजीनं समजावलं, उद्यापासून गाडी ओढ्यात घालू नकोस. रघु म्हणाला, "काका, बाबा रोज विचारतात. त्यांच्या तोंडावर खोटं बोलू? तुम्ही मोठे, तुम्ही एकदा सांगून टाका ना." बरोबरच होतं त्याचं. पण बाळाजीची जीभ रेटेना. गावच्या गाड्यांचं मरण फटाफट सांगणारा माणूस सख्ख्या भावापुढं मुका झाला.

मग त्यानं सगळा जीव कामात ओतला. चेसी कापणं म्हणजे फळी कापणं नव्हे. आधी गाडी सपाट जागी घेतली, चारी अंगांना लाकडी ठोकळे दिले, जॅकनं लोंबलेला भाग केसाकेसानं वर घेतला. मागच्या बाकांवर वजन ठेवूनही दार हळूच लागेपर्यंत घेतला, कारण दार लागलं म्हणजे चेसी आपल्या जागी आली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या दोऱ्या धरून दोन्ही मापं एक आली का बघितलं. मग कापायच्या जागेवरून लांब अँगल आडवा टाकून दोन्हीकडं टाके मारले, म्हणजे मधला भाग काढला तरी उरलेलं जागचं हलायचं नाही. मोडलेल्या हाताला कामट्या बांधतात तसंच. दौलतराव गंमत बघायला आला होता. म्हणाला, "भावाची गाडी आहे, पट्टी मार आणि दे. शिवरात्रीपुरती तर पाहिजे." बाळाजीनं कटर हातात घेतला. दौलतराव चहा प्यायला निघून गेला.

गंजाच्या पुढं, लखलखीत लोखंड लागेपर्यंत त्यानं कापलं. काप सरळ न देता तिरका दिला, म्हणजे सांध्यावर सगळा भार एका रेषेत येत नाही. तुकडा खाली पडला तेव्हा त्यातून ओंजळभर भुगा सांडला. नव्या तुकड्याला तळाशी त्यानं दोन भोकं पाडली, पाणी शिरलं तर निघून जावं म्हणून. वेल्डिंग एका दमात ओढलं नाही. थोडं इकडं, थोडं तिकडं, मधे गार होऊ द्यायचं, ठोकून कवच पाडायचं, पुन्हा. एकीकडं ताणलं तर चेसी मुरडते. आतून लाल प्रायमर दिला, बाहेरून काळा रंग. सगळं झाल्यावर तो खाली शिरला आणि पुढून मागपर्यंत ठोकत गेला. सगळीकडं एकच आवाज आला. त्याला हुंदका आला तो तिथंच, गाडीखाली, जिथं कुणाला दिसत नव्हता.

आता कॅम्पातली एक रीत सांगायला हवी. टेकचंदच्या काळापासून त्या दुकानात असं होतं, की गाडीतून काढलेला जुना तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बघ बाबा, खरंच काढलाय, नुसता रंग मारला नाही. त्याशिवाय गाडी दुकानातून हलायची नाही. बाळाजीनं आयुष्यात पहिल्यांदा ही रीत मोडली. तुकडा त्यानं भंगाराच्या ढिगाखाली सारला आणि गाडी रघुच्या ताब्यात दिली. पण रघुही याच दुकानात अंगाखांद्यावर खेळलेला. काका गडबडीत विसरला असं समजून त्यानं ढिगातून तुकडा काढला, पोत्यात गुंडाळला आणि शिटाखाली ठेवला.

शिवरात्रीच्या सकाळी वाडीतल्या चार म्हाताऱ्या मागच्या बाकांवर बसल्या. दार एका बोटानं लागलं. रघु आणि बाळाजीनं कोंडाजीला उचलून पुढच्या शिटावर बसवलं, तोल जाऊ नये म्हणून बाळाजी त्याला खेटून बसला. कोंडाजीनं डॅशबोर्डवर हात फिरवला. पोर परत आल्यावर त्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाला, "तुकडा कुठाय?"

बाळाजी म्हणाला, "दुकानात राहिला, दादा."

"नाय काका, मी आणलाय की," रघु म्हणाला आणि शिटाखालून पोतं ओढलं.

कोंडाजीनं तुकडा मांडीवर घेतला. उलटासुलटा केला. आतला पांढरा हिरवा थर अंगठ्यानं चोळला आणि अंगठा नाकाशी नेला. बाळाजीला पळून जावंसं वाटलं, पण भावाचा भार त्याच्या खांद्यावर होता. मग कोंडाजीनं वाकून स्वतःच्या पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मागं म्हाताऱ्या महादेवाचं नाव घेत होत्या.

"चल," तो रघुला म्हणाला.

ओढ्याच्या उतारापाशी, जिथं तो रोज गाडी उभी करायचा, तिथं त्यानं थांबायला लावलं. खाली फेसाचे ढीग काठाला लागले होते, उन्हात छान पांढरे दिसत होते. कोंडाजीनं तुकडा पोत्यात गुंडाळून बाळाजीच्या हातात दिला.

"तू मला सांगितलं का नाय?"

"तोंड उघडलं नाय, दादा."

"साऱ्या जगाला सांगतोस."

बाळाजी रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण लहानपणी डोळे सुजल्यावर रडायचा तसा. कोंडाजीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रघु," तो म्हणाला, "आजपासून गाडी हापशीच्या पान्यानं धुवायची. नसंल होत तर धुवू नको, चिखल राहू दे. पन हितं उतरायचं नाय. तुझी पोरं बी उतरायची नायत." मग बाळाजीकडं वळून, आवाज न चढवता म्हणाला, "आनि मी गेल्यावर मला आंघोळ घालाल ना, ते पानी बी हापशीचं घाला. लोक म्हनतील ओढा जवळ हाय. ऐकू नको."

देवदर्शन झालं. गर्दीतून त्याला आत नेता आलं नाही, म्हणून त्यानं गाडीतूनच कळसाला हात जोडले. परतताना खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा त्यानं सवयीनं मागं वळून दाराकडं बघितलं. दार लागलेलं होतं. "चांगलं केलंस काम," तो म्हणाला.

चैत्र सरता सरता कोंडाजी गेला. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, आणि हापशीचं पाणी खोल गेलेलं. वाडीतली माणसं जमली. कुणी ओढ्यावर जायला कळश्या उचलल्या. दोन पावलांवर पाणी आहे, मयताला काय कसलंही चालतं, असं एक जाणता माणूस बोलूनही गेला. बाळाजीनं त्याच्या हातातली कळशी काढून घेतली आणि हापशीचा दांडा धरला. आधी नुसती हवा आली. तो खेचत राहिला. रघु मदतीला आला, त्यालाही त्यानं दूर केलं. हळूहळू पाण्याची धार लागली, बारीक, करंगळीएवढी. माणसं उन्हात ताटकळली, कुरकुरली, मग सावलीला सरकली.

बनूबाईनं कपाळाला पाणी लावलं. आंघोळ रघुनं घातली. पाय मात्र बाळाजीनं स्वतः धुतले, प्रत्येक बोट सुटं करून, प्रत्येक भेगेत पाणी सोडून. हंडा संपला. लोक म्हणाले, झालं आता, उचला. तो म्हणाला, थांबा जरा, आणि रिकामा हंडा घेऊन पुन्हा हापशीकडं गेला.